शनिवार-रविवार मुंबई, गाडी घरी ठेवून: आधी लाईन ठरवा, मग ठिकाणं

आम्ही नाशिकरोडचे. वर्षातून दोन-तीन वेळा तरी मुंबईची दोन दिवसांची फेरी होतेच, कधी आईला घेऊन, कधी भाचरांना, कधी नुसतं नाटक बघायला. स्वतःची गाडी नेणं आम्ही कधीच बंद केलंय, कारण भिवंडी-ठाण्याच्या ट्रॅफिकमधे जीव जातो आणि पोचल्यावर पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. पण लोकलची लोकांना भीती वाटते, ओळखीतले नेहमी विचारतात की आईला घेऊन लोकलने कसं काय फिरता, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. वेळा नाशिकच्या हिशोबाने आहेत पण पुणे, कोल्हापूर, कोकण कुठूनही येत असाल तरी मुंबईत उतरल्यानंतरचं सगळं तेच आहे.

आधी लाईन

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घरी बसून ठिकाणांची यादी करतात, सिद्धिविनायक, गेटवे, जुहू, नॅशनल पार्क, राणीचा बाग, आणि दोन दिवसांत सगळं बसवायला जातात. मुंबई ही उभी वसलेली आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे. उभं जाणं अगदी सोपं आणि पटकन होतं, आडवं जायला मात्र वेळ लागतो. चर्चगेटवरून अंधेरी फास्ट लोकलने पाऊण तासाच्या आत येतं, पण गर्दीच्या वेळेला अंधेरी स्टेशनवरून जुहूच्या चौपाटीवर रिक्षाने जायला तेवढाच वेळ लागू शकतो. म्हणून ठिकाणं लाईनप्रमाणे लावायची. एका दिवसाला एक लाईन, फार तर दोन, आणि एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला संपवायचं, मधेच उलटं फिरायचं नाही.

लाईनी कुठल्या ते थोडक्यात. वेस्टर्न म्हणजे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार करत डहाणूपर्यंत. सेंट्रल म्हणजे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) भायखळा, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, पुढे कसारा आणि कर्जत-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून वडाळ्यावरून एक फाटा पनवेलला आणि एक गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलला ट्रान्सहार्बर. वेस्टर्न आणि सेंट्रल एकमेकांना दादरला भेटतात, त्यामुळे दादर समजलं की अर्धी मुंबई समजली. डिसेंबर २०२३ पासून दादरचे प्लॅटफॉर्म नंबर सलग केलेत, १ ते ७ वेस्टर्नचे आणि ८ ते १४ सेंट्रलचे, आधी दोन्हीकडचे नंबर १ पासूनच सुरू व्हायचे आणि नवीन माणूस हमखास चुकीच्या पुलावरून उतरायचा.

आणि आता मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ मधे ही लाईन पूर्ण सुरू झाली, आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, तिकीट १० ते ७० रुपये. विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), एअरपोर्टची दोन्ही टर्मिनल, सगळं एका लाईनवर आलंय. बाहेरगावच्या माणसासाठी तर वरदान आहे, एसी आहे, दरवाजे बंद होतात, लिफ्ट आहेत, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला यासारखं काही नाही. मरोळ नाक्याला ती मेट्रो १ ला जोडलेली आहे म्हणजे तिथून घाटकोपर किंवा अंधेरी-वर्सोवा करता येतं. मुंबईचं आडवं दुखणं होतं त्यावर मेट्रो १ हाच पहिला चांगला उपाय, २०१४ पासून चालू आहे.

जायचं-यायचं रिझर्व्हेशन

नाशिकरोडहून आमची पंचवटी एक्सप्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, दहाच्या आसपास मुंबई, आणि संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परत. पुणेकरांना सकाळी डेक्कन क्वीन, प्रगती, सिंहगड असे भरपूर पर्याय आहेत, कोल्हापूरकरांना रात्रीची महालक्ष्मी, झोपून या आणि सकाळी मुंबईत. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आणि शनिवार सकाळ जायला आणि रविवार संध्याकाळ यायला या दोन गाड्या सगळ्यात आधी भरतात, त्यामुळे तारीख ठरली की आधी परतीचं तिकीट काढा. हो, आधी परतीचं. सकाळी जायला काहीतरी मिळतंच, रविवारी रात्री लहान मुलं नि सामान घेऊन जनरल डब्यात उभं राहणं नको होतं. पंचवटीत पासवाल्यांचे डबे वेगळे असतात, डब्यावर लिहिलेलं असतं, ते बघून चढा.

तिकीट सीएसएमटीपासूनचं असेल आणि तुम्ही दादरला चढणार असाल तर बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या, नाहीतर टीसी आला, सीट रिकामी दिसली, तर ती दुसऱ्याला जाऊ शकते. आम्ही तरी सीएसएमटीलाच जाऊन बसतो, दादरला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि सामान-माणसं चढवताना धांदल होते.

रेल्वे नाहीच मिळाली तर एसटी आहे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना फुकट, ते शिवनेरीसारख्या गाड्यांनाही चालतं, त्यामुळे आई, मावशी, काकू अशा सगळ्या बायकाच निघाल्या असतील तर हिशोब करून बघा, एसटी स्वस्त पडू शकते. आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा.

मेगाब्लॉक, हे नीट वाचा

वीकेंडला जाणाऱ्या माणसाने दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचावं. मुंबईत रुळांची, वायरची, सिग्नलची कामं रविवारी करतात. सेंट्रल आणि हार्बरवर बहुतेक प्रत्येक रविवारी साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक असतो, वेस्टर्नवाले त्याला जंबो ब्लॉक म्हणतात आणि तो कधी शनिवारी रात्रीचा पण असतो. म्हणजे नेमका तुमचा फिरायचा वेळ.

ब्लॉक म्हणजे सगळं बंद असं नाही. सेंट्रलवर समजा माटुंगा ते मुलुंड फास्ट ट्रॅकवर ब्लॉक असेल तर फास्ट गाड्या तेवढ्या टप्प्यात स्लो ट्रॅकवरून काढतात, मग सगळ्याच गाड्या एकामागे एक रांगेत येतात, दहा-पंधरा मिनिटं उशीर, आणि गर्दी दुप्पट. हार्बरवर मात्र एखादा तुकडा पूर्ण बंद असतो, कुर्ला-वाशी गाड्याच नाहीत असं होतं, तेव्हा त्याच तिकिटावर मेन लाईनने (म्हणजे सेंट्रलने) किंवा ट्रान्सहार्बरने जायची मुभा बहुतेक वेळा देतात. बाहेरगावच्या गाड्यांनाही उशीर होतो. पत्रक शुक्रवार-शनिवारी येतं, पेपरात छापतात, एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळांच्या ॲपवर पण येतं. शनिवारी रात्री जेवण झालं की पाच मिनिटं काढून बघायचंच, आणि त्याप्रमाणे रविवारचा प्लॅन फिरवायचा.

आम्ही एकदा नाही बघितलं. भाचा आठ वर्षांचा, त्याला मुलुंडला आत्याकडे जेवायला नेलं होतं, सव्वासहाची गाडी, म्हटलं साडेतीनला निघू, तासाभरात पोचू. प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरला गाडीचं नाव तेच आणि गाडी येईना, आणि जी आली तिच्यात चढताच येईना. पुढच्या दोन सोडल्या. शेवटी ज्या गाडीत शिरलो तिच्यात भाच्याला एका काकांनी स्वतःच्या मांडीवर बसवून घेतलं, मी दोन्ही बॅगा डोक्यावरच्या रॅकवर हातोहात पाठवल्या, आणि सीएसएमटीला उतरून धावत गाडी गाठली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पोराचा चेहरा घामाने लाल झालेला. त्यानंतर रविवारी दुपारनंतर लांबचं काहीच ठेवत नाही, आणि दादरला असलो तर सीएसएमटीपर्यंत मेट्रोने येतो, तिला रविवारच्या मेगाब्लॉकचा त्रास नाही.

राहायचं कुठे

माझं मत सरळ आहे, दादर किंवा गिरगाव-फोर्ट. हॉटेल स्वस्त मिळतं म्हणून लांब उपनगरात राहाल तर रोज दोन-दोन तास जातील, वीकेंडच्या फेरीत ते परवडत नाही. दादरला दोन्ही लाईनी, बाहेर पडलं की जेवायला मराठी पद्धतीचं सगळं. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं बघा. एकटे किंवा मित्र-मित्र असाल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी ऑनलाइन बुक होतात, मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल पण आहे, एका माणसापुरती झोपायची खोबण, सामान ठेवायला लॉकर, सकाळी आंघोळ करून निघा. फॅमिलीला ते सोयीचं नाही.

चेक-इन दुपारचं असतं आणि तुम्ही सकाळी दहाला पोचता, तर मधल्या वेळात सामान क्लोकरूममधे. सीएसएमटी, दादर अशा मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम आहे पण बॅगेला कुलूप पाहिजे, कुलूप नसेल तर घेत नाहीत, त्यामुळे दोन छोटी कुलपं घरून न्या. आणि ट्रॉली बॅग नकोच, दोन दिवसांना पाठीवरची सॅक पुरते, लोकलमधे ती पुढे पोटाशी घ्यायची.

तिकीट, पास, ॲप

लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट अजूनही ५ रुपये आहे, सीएसएमटी ते दादर ५ रुपयांत होतं. काउंटरला रांग असते, त्यापेक्षा फोनवर काढा. जुनं यूटीएस ॲप होतं, आता जुलै २०२५ पासून रेलवन आलंय. एक लक्षात ठेवा, फोनवरचं तिकीट प्लॅटफॉर्मवर उभं राहून निघत नाही, स्टेशनच्या बाहेर थोडं लांब असतानाच काढायचं. तिकीट काढलं की एका तासात प्रवास सुरू करायचा. आणि टीसीला ॲपमधलंच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही.

दिवसभरात चार-पाच वेळा चढ-उतर होणार असेल तर टुरिस्ट पास काउंटरवर मागा. आम्ही घेतला होता तेव्हा सेकंड क्लासचा एक दिवसाचा ७५ रुपये आणि तीन दिवसांचा ११५ होता, तिन्ही लाईनींवर कितीही फिरा. पैसे वाचतात का तर थोडेच, कदाचित नाहीच, पण दर वेळी तिकीट काढायची कटकट जाते आणि चुकून पुढे गेलात तरी धाकधूक नाही.

फर्स्ट क्लासचा डबा आणि सेकंडचा डबा एकाच गाडीत लागून असतात आणि घाईत नवीन माणूस फर्स्टमधे शिरतो. डब्याच्या बाहेर तिरके पट्टे आणि दरवाज्याशी लिहिलेलं असतं, बघून चढा, दंड कमीत कमी २५० रुपये वर भाडं वेगळं. एसी लोकलला वेगळं तिकीट लागतं, ते ३५ रुपयांपासून सुरू.

बेस्टची बस मे २०२५ पासून साधीला कमीत कमी १० आणि एसीला १२ रुपये झाली, दिवसभराचा पास ७५. चलो ॲपवर बस आत्ता कुठे आहे ते दिसतं. ऑक्टोबर २०२५ मधे मुंबई वन नावाचं ॲप पण आलंय, सगळ्या मेट्रो, बेस्ट वगैरे एकाच ठिकाणी तिकीट. मेट्रो ३ चं तिकीट रस्त्यावर असतानाच काढून ठेवा, खाली गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही. आणि रिक्षा वांद्रे-सायनच्या अलीकडे दक्षिणेला येतच नाहीत, तिकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून.

लोकलमधे चढायचं कसं

इंडिकेटरवर तीन गोष्टी बघायच्या: गाडी कुठपर्यंत जाते, फास्ट का स्लो, आणि १२ डब्यांची का १५. तुमचं स्टेशन फास्ट गाडी घेते का हे एम-इंडिकेटरवर बघा, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही त्यात कळतं आणि नवीन माणसाला ते फार उपयोगी आहे. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट्या बाजूला गर्दी, शनिवारी जरा कमी पण असते. त्या वेळात उलट्या दिशेने जायचं बघा.

गाडी आली की आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, दरवाज्याच्या समोर नाही तर बाजूला उभे राहा. आत गेल्यावर दारात नाही थांबायचं, आत सरकायचं. बोरिवली किंवा अंधेरीला उतरायचं असेल तर विरार फास्ट पकडू नका, पुढे विरारपर्यंत जाणारी माणसं दारात घट्ट उभी असतात आणि तुम्हाला उतरता येणार नाही. बोरिवलीला बोरिवलीचीच गाडी. आई-बहिणींना लेडीज डब्यात बसवा, पण कुठल्या स्टेशनला उतरायचं आणि उतरून कुठे उभं राहायचं ते आधी नीट ठरवून, कारण मधे फोन लागेलच असं नाही. आमचं ठरलेलं असतं, उतरलं की हलायचं नाही, जेन्ट्सने शोधत यायचं.

आई पहिल्यांदा एकटी लेडीज डब्यात बसली तेव्हा मला दादर ते भायखळा जीवात जीव नव्हता. तिने नंतर सांगितलं, शेजारच्या बाईने विचारलं, "मावशी, कुठे उतरणार?" "भायखळा." "मग चिंचपोकळी आलं की उठा, मी सांगते तुम्हाला." आणि खरंच चिंचपोकळीला तिने हाताला धरून दारापाशी आणून उभं केलं आणि पुढच्या बाईला सांगितलं, यांना भायखळा आहे. मुंबईत विचारायची लाज बाळगू नका. "दादर उतरणार का?" एवढं पुढच्याला विचारलं की तो एकतर उतरणार असतो किंवा बाजूला होतो.

शनिवार: सीएसएमटीवरून चालत

पंचवटीतून सीएसएमटीला उतरायचं, सामान क्लोकरूमला. बाहेर येऊन रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि मागे वळून स्टेशन बघा. ही इमारत १८८८ ला पूर्ण झाली, फ्रेडरिक स्टीव्हन्सची, २००४ पासून जागतिक वारसा, आणि समोरची महापालिका पण त्याचीच. समोर आरामचा वडापाव, भूक असेल तर कॅननची पावभाजी.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने कमानीखालून चालत हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, तिथे दोन मिनिटं थांबाच. पुढे काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, याला तीन तास द्या, शिल्पांचं आणि लघुचित्रांचं दालन घाईत बघू नका. संग्रहालयात आत बसायला जागा आहे, झाडं आहेत, दुपारचं ऊन तिथे काढायचं. चार वाजता गेटवे. एलिफंटा करायचं असेल तर मात्र हा सगळा प्लॅन सोडा, बोटीला एकेका बाजूने तास लागतो, त्याला सकाळपासूनचा दिवस द्यावा लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात.

गेटवेवरून बसने नाहीतर चालत ओव्हल मैदानाला, राजाबाई टॉवर बघत चर्चगेट, आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी मरीन ड्राईव्हच्या कठड्यावर. दिवसभरात सहा-सात किलोमीटर चालणं होतं. आई बरोबर असेल तर संग्रहालय ते चर्चगेट टॅक्सी करतो, उगाच हट्ट करायचा नाही. रात्री सीएसएमटीहून सामान उचलून दादर. शेवटच्या लोकल साधारण साडेबारा-एकच्या सुमारास जातात, पण फॅमिलीला घेऊन तेवढं थांबू नका.

रविवार: दादरच्या आसपास

लवकर उठता आलं तर सहा वाजता दादर पश्चिमेचा फुलबाजार. पुलाखाली ओले गोणपाट, झेंडूचे डोंगर, पायाखाली पाकळ्यांचा चिखल, बायका खाली बसून गजरे ओवत असतात आणि त्यांचे हात थांबत नाहीत. साडेसात-आठपर्यंत सिद्धिविनायक, बसने किंवा मेट्रोने, स्टेशन देवळाच्या जवळच. मंगळवार सोडून गेलं तर रांग झेपते. मग नाश्त्याला प्रकाशचा साबुदाणावडा किंवा आस्वादची मिसळ, रविवारी थांबावं लागतं, नाव लिहून बाहेर उभं राहायचं.

मुलं असतील तर ब्लॉक सुरू व्हायच्या आत, दहाच्या सुमारास, लोकलने भायखळा. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत आणि शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद, म्हणजे रविवारी अडचण नाही. भायखळा स्टेशन पण नीट बघा, जुन्या पद्धतीने दुरुस्त केलंय आणि २०२२ ला त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. मुलं नसतील तर आम्ही दुपारचं नाटक बघतो, शिवाजी मंदिर दादर स्टेशनपासून चालत आहे, पण मग रात्रीच्या उशिराच्या गाडीचं रिझर्व्हेशन पाहिजे, नाटक आणि पंचवटी दोन्ही जमत नाही.

पावसाळ्यात जात असाल तर भरतीची वेळ बघा, जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सायन-कुर्ल्याकडे रुळांवर पाणी येतं. तसा अंदाज असेल तर सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला, मुंबई कुठे जात नाही.

परत येताना पाच वाजता सीएसएमटीला हजर. लोकल १ ते ७ नंबरवर लागतात, बाहेरगावच्या गाड्या ८ ते १८, त्या लांब आहेत, म्हाताऱ्या माणसांना दहा मिनिटं चालावं लागतं, तो वेळ धरा. पाण्याच्या बाटल्या, थोडं खायला तिथेच घ्या. कसारा घाट अंधारात चढतो, इगतपुरी आली की घरी फोन करून ठेवा, आणि नाशिकरोडला उतरल्यावर शालिमारच्या शेअर रिक्षा लगेच भरतात, त्यामुळे सामान देवळालीच्या आधीच दारापाशी आणून ठेवा.